अधिकारी कोणाला म्हणावे?

कशेळीसारख्या गावातही आता अधिकारी पुष्कळ झाले आहेत. तक्रार म्हणून हे सांगत नाही. शब्द तोलून पाहण्याची कीर्तनकाराची खोड अजून गेलेली नाही, म्हणून सांगतो. सातबाऱ्याचे काम असेल तर ग्राम महसूल अधिकारी, दाखला हवा असेल तर ग्रामपंचायत अधिकारी. त्यांच्या पुढे मंडळ अधिकारी. भिवंडीला गेले की गटविकास अधिकारी आणि प्रांताधिकारी, खाडी ओलांडून ठाण्याला गेले की मुख्य कार्यकारी अधिकारी. यांतले पहिले दोघे काल-परवापर्यंत तलाठी आणि ग्रामसेवक होते. 2024 साली सरकारने तलाठ्याचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी असे केले, आणि ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही दोन पदे एकत्र करून ग्रामपंचायत अधिकारी हे एकच पद ठेवले. कपाटे तीच राहिली, दप्तरे तीच राहिली, नाव बदलले.

त्या बदललेल्या नावापाशी माझे मन अडले. 'सेवक' हा शब्द खाली उतरला आणि त्याच्या जागी 'अधिकारी' येऊन बसला. आपण वारकरी. आपल्या तोंडी सेवक हा मोठा शब्द आहे. पत्रिकेत आपण 'कीर्तनसेवा' असे छापतो. मृदंग वाजवणे ही सेवा, पंगत वाढणे ही सेवा, मंडपाबाहेर चपला राखणे हीसुद्धा सेवाच. मग सेवक म्हणवून घेणे कुणाला जड का व्हावे?

माझ्या ओळखीच्या एका गृहस्थाने या खात्यात उभी हयात घालवली. त्याला मी हे विचारले. तो हसला आणि म्हणाला, "बुवा, तुमच्या मंडपात सेवक म्हटलं की लोक हात जोडतात. आमच्याकडे सेवक म्हटलं की लोक टेबलावर हात आपटतात. बढती, पगार, मान, सगळं पदाच्या नावाला चिकटलेलं असतं." त्याचे म्हणणे मी टाकून देत नाही. ज्याने त्या खुर्चीत बसून लोकांच्या शिव्या खाल्ल्या, त्याला नाव मोठे हवेसे वाटणे साहजिक आहे. आणि अंगणवाडीतली बाई अजून 'सेविका'च आहे हेही खरे. तिच्या नावातला सेवेचा गौरव तिच्या मानधनात किती उतरतो, ते तिलाच विचारावे. सेवेचा शब्द दुसऱ्याच्या गळ्यात घालायला सोपा असतो.

तेव्हा नुसते 'सेवक चांगला, अधिकारी वाईट' असे म्हणून हे प्रकरण मिटत नाही. 'अधिकारी' हा शब्दही मूळचा आपल्याच घरातला आहे. तो नीट उलगडून पाहिला पाहिजे.

त्याआधी आपल्या भाषेतले नेमणुकीचे जुने शब्द थोडे आठवू. पदावर बसवलेल्या माणसाला आपल्याकडे बहुतेक त्याच्या हातातल्या वस्तूवरून किंवा त्याच्याकडे सोपवलेल्या कामावरून नाव पडत असे. फारसी 'दार' म्हणजे धरणारा, बाळगणारा. तहसील म्हणजे वसुली, ती ज्याच्याकडे तो तहसीलदार. हवाला म्हणजे सोपवणे, ज्याच्या हवाली काही केले तो हवालदार. 'नीस' म्हणजे लिहिणारा, चिठ्ठ्या लिहिणारा तो चिटणीस. आणि आपला चोपदार. 'चोब' म्हणजे लाकूड, काठी. काठी धरणारा तो चोबदार, त्याचा आपण चोपदार केला. या नावांत मोठेपणा फारसा नाही. तुझ्या हाती काय दिले आहे एवढेच ते नाव सांगते. हवालदार या शब्दात तर मालकीचा पुरता निकाल लागलेला आहे. जे हवाली केलेले असते ते आपले नसते, मागितले की परत द्यायचे असते.

छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या काळात रघुनाथपंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत शब्द ठरवून दिले. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. पेशव्याला मुख्य प्रधान म्हणावे असे ठरले. पण पुढे लोकांच्या तोंडी राहिला तो पेशवाच. पदाला नाव राजा देतो, ते टिकवायचे की नाही हे मात्र लोक ठरवतात.

काही नावे इतकी टिकली की पद गेल्यावरही ती घराला चिकटून राहिली. कुलकर्णीपण कधीच गेले, कुलकर्णी आडनाव आहे. फडणिशी गेली, फडणीस आहेत. गावची वतनी पाटीलकी कायद्याने संपली. आज गावात पोलीस पाटील असतो, पण तो 1967 च्या ग्रामपोलीस अधिनियमाखाली नेमलेला. नेमणुकीची मुदत संपली की त्याचे पाटीलपण संपते. पंढरीतही तेच झाले. पांडुरंगाच्या सेवाधाऱ्यांत देवापुढे दिवटी धरणारे ते दिवटे, दंड धरणारे ते डांगे. हातातली वस्तू हेच घराचे नाव झाले. सेवा नेमून दिलेली होती, पिढ्या गेल्या आणि नेमून दिलेल्याचा हक्क झाला. या वाटेने गेलेले ते एकटेच नाहीत. ज्या हातात एखादी वस्तू फार काळ राहते, त्या हाताला ती आपलीच वाटू लागते.

आता 'अधिकारी' या शब्दाकडे येऊ.

तरुणपणी आळंदीला वारकरी शिक्षण संस्थेत मी चार वर्षे होतो. जोग महाराजांनी 1917 साली ती सुरू केली. माधुकरी मागायची, पाठ करायचे आणि रात्री गाथेचे चिंतन करायचे. तिथे वेदान्ताचा कोणताही ग्रंथ हाती घेतला की पहिला प्रश्न असे, 'या ग्रंथाचा अधिकारी कोण?' विषय, संबंध आणि प्रयोजन यांच्याही आधी अधिकारी. तिथे अधिकारी म्हणजे ज्याला लोक सलाम करतात तो नव्हे. तो विद्यार्थी. ज्याच्या ठायी विवेक आहे, वैराग्य आहे, शमदमादी संपत्ती आहे आणि सुटण्याची तळमळ आहे, असा शिकायला आलेला माणूस. बाहेरच्या जगात अधिकारी आज्ञा देतो. पाठशाळेतला अधिकारी मान खाली घालून ऐकतो. एकच शब्द, दोन उलट दिशांना तोंड करून उभा.

व्याकरण शिकवणाऱ्या पंडितांनी याच शब्दाचा आणखी एक अर्थ सांगितला. तो मला जन्मभर पुरला. पाणिनीच्या सूत्रांत काही सूत्रे 'अधिकारसूत्रे' म्हणून ओळखली जातात. तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी 'प्रत्यय' एवढाच एक शब्द सूत्र म्हणून येतो. त्या जागी त्याला स्वतंत्र असे काहीच सांगायचे नसते. पण पाचव्या अध्यायाच्या अखेरपर्यंत तो पुढच्या एकेका सूत्रात मिसळत जातो आणि त्या सूत्रांना अर्थ देत जातो. मग त्याची हद्द संपते आणि तो थांबतो. अधिकारसूत्राचे लक्षणच असे की आपल्या जागी ते रिकामे, दुसऱ्याच्या जागी सफळ, आणि त्याला हद्द असते. वाचक माउली हो, पदावरच्या माणसाचे याहून नेमके वर्णन मला कुठल्या नीतिग्रंथात सापडले नाही. स्वतःच्या जागी त्याला काही मिळवायचे नसते. त्याचे काम दुसऱ्यांच्या कामात दिसायचे असते. आणि कुठवर, हे आधीच ठरलेले असते.

तिसरा अर्थ मीमांसेचा. अमुक कर्म करण्याचा अधिकार कोणाला? मीमांसक तीन गोष्टी पाहतात. त्याला ते मनापासून हवे आहे का, म्हणजे तो अर्थी आहे का. ते करण्याची ताकद आहे का, म्हणजे समर्थ आहे का. ते कसे करायचे हे ठाऊक आहे का, म्हणजे जाणता आहे का. इच्छा, ताकद आणि जाण. तीनही कसोट्या रास्त आहेत. आज कुठल्याही नोकरीच्या मुलाखतीत हेच तर पाहतात.

पण या तिघींच्या मागून एक चौथी अट येते. 'ज्याला शास्त्राने वगळलेले नाही असा.' इथे सगळे फिरले. इच्छा असो, ताकद असो, जाण असो, जन्माने वगळलेला असशील तर तुला अधिकार नाही. स्त्रीला नाही, शूद्राला नाही. पहिल्या तीन अटींत माणूस स्वतः काहीतरी करून बसू शकतो. चौथीत त्याला काहीच करता येत नाही.

आपल्या संतांनी जे केले ते या चौथ्या अटीचे केले, असे मला वाटते. बाकीच्या तीन त्यांनी ठेवल्या, थोड्या कडकच केल्या. तळमळ नसेल तर त्यांच्याकडेही प्रवेश नव्हता. शके 1212 म्हणजे इसवी सन 1290 मध्ये ज्ञानोबारायांनी गीतेचा अर्थ मराठीत उघडा केला, तेव्हा संस्कृत न येणाऱ्या सगळ्यांच्या हाती ती 'जाण' आली. नामदेवराय शिंपी, सावतोबा माळी, गोरोबा कुंभार, जनाबाई घरकाम करणारी. यांना कुणी अधिकार बहाल केला नव्हता. पुढे बहिणाबाईंनी तुकोबारायांना गुरू मानले. बाई म्हणून आणि ब्राह्मण घरातली म्हणून, दोन्हीकडून त्यांना विरोध झाला. अधिकार कुठून आणला, हा प्रश्न प्रत्येकाला विचारला गेला. नामाला ती चौथी अट नाही, एवढे एकच उत्तर त्यांच्यापाशी होते.

उत्तर मिळाले तरी दार लगेच उघडले नाही. चोखोबारायांची समाधी महाद्वारासमोर आहे, बाहेर. त्यांच्या लेकरांना आत जायला कितीतरी शतके लागली. 1947 साली साने गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केले. 1 मे रोजी सुरू झालेले ते उपोषण दहा दिवस चालले आणि मग पांडुरंगाचे दार सर्वांना मोकळे झाले. त्या दहा दिवसांत 'अधिकारी' या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांसमोर उभे होते. आत कुणाला सोडावे हे ठरवणारे अधिकारी होते आणि आत जाण्याचे अधिकारी बाहेर होते.

पुढे 1973 साली पंढरपूर मंदिरे अधिनियम झाला. बडवे, उत्पात आणि सेवाधारी यांचे वंशपरंपरेचे हक्क त्याने संपवले. कज्जे चालत राहिले. अखेर जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. त्याच वर्षी मंदिर समितीने पूजेच्या कामासाठी सर्व जातींतल्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागवले. इच्छा, ताकद, जाण. चौथी अट कागदावरूनही गेली. आता विठोबाच्या घरीही 'कार्यकारी अधिकारी' असतात. मला त्याचे वावडे नाही. एवढी गर्दी, एवढा व्यवहार, हिशेब कुणीतरी ठेवलाच पाहिजे. एक प्रथा मात्र मला विशेष गोड वाटते. आषाढीच्या पहाटे शासकीय महापूजेला मुख्यमंत्र्यांबरोबर एक वारकरी दांपत्य बसते. मानाचे वारकरी. ते दर्शनाच्या रांगेतून निवडतात. त्यांचे पद काय, तर रांगेत उभे राहणे.

नेमलेल्या माणसाने अधिकार कसा वापरावा, याचा पाठ ज्याला पाहायचा असेल त्याने माउलींच्या सोहळ्यात संध्याकाळची समाजआरती पाहावी. ही शिस्त हैबतबाबा आरफळकरांच्या सोहळ्याची. बाबा स्वतः शिंदे सरकारच्या पदरी सरदार होते, म्हणजे आजच्या भाषेत मोठे लष्करी अधिकारी. ते सगळे सोडून आळंदीला येऊन राहिले. मुक्कामाच्या तळावर पालखी येते, दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात. चोपदार हातातला दंड वर करतो. एका क्षणात सगळे टाळ थांबतात. त्या शांततेत एखादी दिंडी मात्र टाळ वाजवतच राहते. नवख्याला वाटते, यांनी आज्ञा मोडली. तसे नसते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिने वाजवत राहायचे, अशी रीत आहे. चोपदार त्या दिंडीकडे चालत जातो, तिचे ऐकून घेतो, निवाडा करतो. मग हरवले-सापडले पुकारतात, उद्या पालखी किती वाजता निघणार ते सांगतात, आणि आरती होते.

मी पायी वाऱ्या केल्या त्यात ही शांतता पुष्कळदा ऐकली. काठी उचलून गप्प करणे कुणालाही जमेल. पण सगळे गप्प झाल्यावर जो एकटा वाजतो आहे त्याच्याकडे चालत जाणे, हे त्या काठीचे खरे काम. गप्प करायचे ते त्याच्यासाठीच. आणि हैबतबाबांचे पुढे काय झाले? आळंदीला माउलींच्या महाद्वारात त्यांची पायरी आहे. सरदार होते, पायरी झाले. कार्तिकीच्या यात्रेचा आरंभ त्या पायरीच्या पूजनाने होतो.

हे सगळे ग्रंथातले आणि वारीतले झाले. आता आपल्या अंगणातले एक सांगतो. गावाचे नाव घेत नाही. आमच्या खाडीपट्ट्यातले आहे एवढे पुरे.

हा पट्टा ज्यांनी जुना पाहिला त्यांना आज ओळखू यायचा नाही. खाडीच्या पलीकडे बाळकुम, अलीकडे आमची कशेळी, मग काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा. पूर्वी भाताची खाचरे, मिठागरे आणि खाडीची मासळी. आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामे, वर मेट्रोचे खांब आणि रात्रंदिवस कंटेनर. घरातली पोरे पाळ्यांवर कामाला जातात. तरी सप्ताह कुणी सोडलेला नाही. आगरी-कोळी माणूस एक वेळ घराचा रंग पुढे ढकलेल, सप्ताह ढकलणार नाही.

त्या गावच्या सप्ताहाची पत्रिका मोठी झोकात निघाली होती. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार, सल्लागार, मार्गदर्शक. 'पदाधिकारी' या मथळ्याखाली एकतीस नावे मी मोजली. सगळी भली माणसे. वर्गणी काढली, मंडप घातला, भटारखाना उभा केला. सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही हा आपला नेम. दोन तासांचा एक पहारा धरला तर दिवसाचे बारा आणि सप्ताहाचे चौऱ्याऐंशी पहारे होतात. संध्याकाळच्या पहाऱ्याला माणसे आपसांत भांडतात. रात्री दोन ते चारच्या पहाऱ्याला माणूस शोधावा लागतो.

तिसऱ्या रात्री माणूस आला नाही. बाराला उभा राहिलेला विणेकरी सत्तरीच्या पुढचा, माझ्याच वयाचा. दोन वाजून गेले, पाय कापत होते, पण वीणा द्यायची कुणाला? मला झोप येत नाही म्हणून मी मंडपात खुर्ची टाकून बसलो होतो. माझे गुडघे गेले, आवाज बसला, म्हणून मी गादी सोडली. उभे राहणे माझ्या हातात उरलेले नाही. तेवढ्यात मागच्या बाजूने एक जण पुढे आला. नांदेडकडचा, शेजारच्या गोदामात हमाली करणारा. गळ्यात तुळशीची माळ. तो रोज पाळी सुटल्यावर येऊन मागे बसत असे. म्हणाला, "माउली, मी थांबू का वीणेवर? गावाकडं मी पहारा करतो."

मंडळाचा एक तरुण कार्यकर्ता तिथे होता. तो म्हणाला, "यादीत नाव नाही त्यांचं. आणि ते गावचे नाहीत."

विणेकऱ्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "गळ्यात माळ आहे. उभं राहायची ताकद आहे. वीणा कशी धरायची ते ठाऊक आहे. आणि स्वतः होऊन मागतोय. आणखी काय पाहायचं?"

विणेकऱ्याने वीणा त्याच्या गळ्यात दिली. रीतीप्रमाणे दोघे एकमेकांच्या पाया पडले. एक घरचा जमीनवाला, एक पाठीवर पोती वाहणारा. चारला बदली माणूस आला नाही, म्हणून तो काकड्यापर्यंत उभा राहिला आणि आठ वाजता कामावर हजर झाला.

दुसऱ्या दिवशी बैठक बसली. आवाज चढले. उद्या कुणीही उठेल आणि वीणा मागेल, असे एकाने म्हटले. त्याचेही चूक नव्हते. मागे एका सप्ताहात पिऊन आलेल्या माणसाने वीणेला हात घातला होता, तेव्हापासून यादी सुरू झाली. यादी वीणेच्या रक्षणासाठीच होती. पण 'गावचा नाही' हे कारण वेगळे. त्यात माणसाची इच्छा, ताकद, जाण काहीच मोजलेले नाही. ती तीच जुनी चौथी अट, फक्त जातीऐवजी गाव घातलेला. आमच्याच खाचरांवर गोदामे उभी आहेत, त्यांतले ओझे तो उचलतो, ते आम्हांला चालते. आमच्या वीणेचे ओझे त्याने उचललेले चालू नये?

अखेर ठरले ते असे. माळकरी असावा, निर्व्यसनी असावा, आणि गावातल्या एका वारकऱ्याने त्याच्याबद्दल शब्द द्यावा. मग तो कुठलाही असो. सगळ्यांना हे पटले नाही. एका घराने त्या वर्षी पंगत दिली नाही. पुढच्या वर्षीच्या पत्रिकेत पदाधिकाऱ्यांची नावे होती तशीच वर होती, मात्र मागच्या पानावर चौऱ्याऐंशी पहाऱ्यांचा तक्ता छापला होता. त्यातल्या मध्यरात्रीच्या रकान्यांत लातूर, नांदेड, परभणीकडची सात नावे होती. सहा रकाने तरीही मोकळे होते.

त्या गावात एक म्हातारी आहे. मंडप पडल्यापासून काल्याच्या कीर्तनापर्यंत रोज पहाटे ती मंडप झाडते. त्या बैठकीनंतर पोरांनी तिला हौसेने विचारले, "आजी, तुझं पण नाव टाकू का पदाधिकाऱ्यांत?" ती म्हणाली, "मना नको बाबा पद-बीद. माझा झाडू बरा हाय." लोक हसले. मला त्यात जुनी रीत दिसली. झाडू धरणारी, वीणा धरणारा, दिवटी धरणारा, काठी धरणारा. हातात काय आहे ते विचारा, नाव आपोआप कळते.

आमच्या भाषेने यातली खूण आणखी एका जागी ठेवली आहे. पदावर बसवण्याला आपण 'नेमणूक' म्हणतो आणि वारकरी रोज जे पाळतो त्याला 'नेम' म्हणतो. दोन्ही शब्द नियमाच्या एकाच मुळातून आलेले. हरिपाठाचा नेम, एकादशीचा नेम, वारीचा नेम. नेम घेणारा स्वतःला बांधून घेतो. मग ज्याची नेमणूक झाली तो मोकळा कसा? तो तर इतरांपेक्षा दुप्पट बांधलेला. एक स्वतःचा नेम, एक लोकांनी घातलेला. पेशवाईच्या दप्तरांत नेमणूक म्हणजे ठरवून दिलेली रक्कम असाही अर्थ होता. एवढ्यात भागवायचे, यापलीकडे हात लावायचा नाही. तिथेही शब्दात हद्द आहेच.

म्हणून ग्रामपंचायतीतल्या अधिकाऱ्याला लोक अधिकारी म्हणोत, आपले काही बिघडत नाही. त्याला त्या नावाने मान मिळत असेल तर मिळू द्या. मात्र त्याच्या दारात निरक्षर म्हातारी दाखल्यासाठी तिसऱ्यांदा आली असेल, तर ती समाजआरतीतली वाजत राहिलेली दिंडी आहे, हे त्याला कळले पाहिजे. आपले पदाधिकारीही यातून सुटत नाहीत. फडावर, दिंडीत, देवस्थानात, सप्ताहाच्या मंडळात आपण कितीतरी जण नेमलेले असतो. काहींना आपली मुदत संपली हे कळत नाही. अधिकारसूत्राची हद्द संपल्यावरही ते पुढच्या सूत्रांत शिरू पाहतात, आणि मग अर्थाचा अनर्थ होतो.

मला गादी सोडून चार वर्षे झाली. ज्यांनी मंडपात माझ्या पाया पडावे ते आता रस्त्यात 'कसे आहात बुवा' म्हणून पुढे जातात. यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. ते पाया पडत होते ते नारदाच्या गादीच्या. मी तिथे उभा होतो म्हणून नमस्कार माझ्या पायांवरून जात होता, एवढेच. विणेकऱ्याला लोक वाकतात तेही वीणा गळ्यात असेपर्यंत. वीणा पुढच्याला दिली की आधी तोच वाकतो. दोन तासांपूर्वी ज्याच्यापुढे सगळे वाकत होते तो क्षणात वाकणाऱ्यांत येऊन मिळतो. हे आपण सप्ताहात चौऱ्याऐंशी वेळा पाहतो आणि त्याचा अर्थ विचारायचा राहून जातो.

सप्ताहांचे दिवस येत आहेत, पत्रिका छापायला जातील. माझी एक विनंती आहे. पदाधिकाऱ्यांची नावे जरूर छापा, त्यांनी कष्ट घेतलेले असतात. पण त्यांच्या वर, पहिल्या पानावर, पहाऱ्यांचा तक्ता येऊ द्या. आणि रात्री दोन ते चारच्या रकान्यात पहिले नाव अध्यक्षांचे असू द्या.

रामकृष्ण हरी.